बुबुळावरचे भिंग

बंगळूरच्या पावसाची तऱ्हा कोकणातल्या पावसाहून निराळी आहे. तो आठवडेच्या आठवडे कोसळत राहत नाही. दिवसभर लख्ख ऊन असावे आणि कचेऱ्या सुटण्याच्या सुमारास आभाळ भरून यावे, हा वैशाखातला आणि पुन्हा भाद्रपद-आश्विनातला तेथला नित्याचा क्रम. अशा वेळी दुचाकीवरून घरी परतणाऱ्या चष्मेवाल्याची स्थिती मोठी केविलवाणी होते. शिरस्त्राणाच्या काचेवर बाहेरून पाणी, चष्म्याच्या काचेवर आतून वाफ, आणि समोरून येणाऱ्या मोटारींच्या दिव्यांची प्रत्येक थेंबात एकेक आतषबाजी. शहाजीराजांच्या जहागिरीपासून या नगरीला मराठी माणूस नवा नाही. आता तो सांगली-सोलापुराहून, पुण्याहून, बेळगाव-धारवाडकडून यंत्रगणकाच्या धंद्यात नोकरीसाठी येतो, आणि अशा दोनचार संध्याकाळी अनुभवल्यावर चष्म्याच्या दुकानात जाऊन विचारू लागतो, की डोळ्यांत बसवावयाची ती भिंगे, म्हणजे कॉन्टॅक्ट लेन्स, आपल्याला चालतील काय?

प्रश्न सोपा आहे. उत्तर मात्र दुकानाच्या फळीवर ठेवलेले नसते. चष्मा नाकावर बसतो, कानांवर टेकतो आणि डोळ्यापासून सुमारे बारा मिलिमीटर दूर राहतो. तो वाईट निवडला तर डोके दुखेल, नाकावर वळ उठतील, फार तर चारचौघांत शोभणार नाही. स्पर्शभिंग हे शरीराच्या एका जिवंत आणि विलक्षण नाजूक भागावर जाऊन बसते. म्हणून त्याची निवड ही जितकी सोयीची गोष्ट आहे, तितकीच वैद्यकाची आहे.

हा नाजूक भाग म्हणजे डोळ्याच्या अगदी पुढे, घड्याळावर काच बसवावी तसा बसलेला पारदर्शक पडदा. त्याला स्वच्छमंडल असे नाव आहे. बोलताना आपण ज्याला बुबुळ म्हणतो ते काळे-तपकिरी वर्तुळ त्याच्या मागे दिसते. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर; रुंदी साडेअकरा मिलिमीटरांच्या आसपास. डोळ्यात शिरणाऱ्या किरणांना वळविण्याचे जवळजवळ दोनतृतीयांश काम हाच पडदा करतो. त्यात रक्तवाहिनी एकही नाही, आणि नसावी हेच योग्य, कारण रक्तवाहिनी आली की पारदर्शकता गेली. मग हा पडदा श्वास कसा घेतो? तो मुख्यत्वेकरून अश्रूंच्या पातळ थरातून थेट हवेतला प्राणवायू घेतो. हे एकदा ध्यानी आले म्हणजे स्पर्शभिंगाच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासाचे सूत्र हाती येते. त्या जागी काही ठेवावयाचे, पण त्याचा श्वास कोंडावयाचा नाही, अशी ही कसरत आहे.

डोळ्यालाच भिंग चिकटवावे ही कल्पना इंग्रज ज्योतिर्विद जॉन हर्शेल याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच लिहून ठेवली होती. ती प्रत्यक्षात आणली ती १८८८ मध्ये झुरिक येथील आडोल्फ फिक या जर्मन वैद्याने. त्याने काचेच्या पातळ वाट्या करविल्या. त्या आधी सशांच्या डोळ्यांवर, मग स्वतःच्या डोळ्यांवर आणि त्यानंतर काही रुग्णांच्या डोळ्यांवर बसविल्या. वाटी आणि डोळा यांच्यामध्ये द्राक्षशर्करेचे द्रावण भरलेले असे. दोनएक तासांपलीकडे ती सोसवत नसे. पुढच्याच वर्षी कील येथील आउगुस्ट म्युलर या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी हाच उद्योग केला. त्याची स्वतःची दृष्टी फार अधू होती, म्हणजे प्रयोगाला लागणारा रुग्ण घरचाच होता. परंतु कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर केला तरी अर्ध्या तासावर त्याला ते दुःख सहन होईना. काच डोळ्याच्या पांढऱ्या भागापर्यंत पसरलेली होती, आणि तिच्याखाली स्वच्छमंडल गुदमरत होते.

काचेच्या जागी प्लॅस्टिक आले ते १९३० नंतरच्या दशकात. १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातील केव्हिन टुओही याने भिंगाचा बाहेरचा घेर काढून टाकून केवळ स्वच्छमंडलावर बसेल असे छोटे, टणक भिंग तयार केले. पापणी मिटली की ते किंचित हलावे आणि त्याच्याखाली ताजे अश्रू शिरावेत, अशी योजना होती. तरीही ते डोळ्यात कण गेल्यासारखे टोचत असे, आणि प्लॅस्टिकमधून वायू जात नसल्याने दिवसअखेर डोळे लाल होत. सामान्य माणसाच्या आवाक्यात ही वस्तू आणली ती प्राग शहरातील ओटो विख्टर्ले या रसायनशास्त्रज्ञाने. पाणी शोषून मऊ होणारा एक पदार्थ त्याने आपला सहकारी द्राहोस्लाव्ह लीम याच्यासह शोधून काढला होता. १९५८ मध्ये राजकीय कारणांवरून त्याला अध्यापकाची जागा गमवावी लागली. पण हा गृहस्थ हात बांधून बसणारा नव्हता. १९६१ च्या नाताळात त्याने घरच्या स्वयंपाकघरात मुलांच्या खेळातले लोखंडी पट्ट्यांचे तुकडे, सायकलचा डायनामो आणि घंटेचा ट्रान्सफॉर्मर जोडून एक यंत्र उभे केले आणि फिरत्या साच्यात ओतून चार मऊ भिंगे काढली. आज जगभर लक्षावधी डोळ्यांवर जे मऊ भिंग आहे, त्याचा कुलपुरुष तो. १९७१ मध्ये अमेरिकेत या भिंगांना अधिकृत मान्यता मिळाली. शतकाच्या अखेरीस सिलिकॉनमिश्रित, प्राणवायू कितीतरी अधिक प्रमाणात जाऊ देणारी भिंगे आली, आणि सकाळी घालावयाची व रात्री टाकून द्यावयाची, अशी एका दिवसाच्या आयुष्याचीही आली.

या भिंगांची खरी गरज नटव्या तरुणांना नव्हती, हे या निमित्ताने सांगितले पाहिजे. कर्नाटकात डॉ. एम. सी. मोदी यांचे नाव अजून आदराने घेतले जाते. विजापूरकडच्या बिळगीचे हे शस्त्रवैद्य. गावोगावी शिबिरे भरवून त्यांनी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया फार मोठ्या संख्येने केल्या. १९५६ मध्ये त्यांना पद्मश्री आणि १९६८ मध्ये पद्मभूषण मिळाले. त्या काळात मोतीबिंदू काढला म्हणजे डोळ्यातले नैसर्गिक भिंगच जात असे, आणि त्याच्या जागी बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा येई. त्या चष्म्यातून वस्तू पाव-पटीने मोठ्या दिसत. दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली असेल तर माणूस सरावून जाई. एकाच डोळ्याची झाली असेल तर मात्र उजव्या डोळ्याला शेजारी मोठा दिसे, डाव्याला लहान, आणि मेंदूला त्या दोघांचा मेळ घालता येत नसे. भिंग डोळ्यालाच टेकलेले असेल तर हा फरक इतका उतरतो की दोन प्रतिमा एक होऊ शकतात. पुढे डोळ्याच्या आत बसवावयाचे कृत्रिम भिंग सर्वत्र रूढ झाले आणि ही अडचण उरली नाही. परंतु दोन डोळ्यांच्या चष्म्याच्या अंकांत जन्मतःच मोठा फरक असणाऱ्यांना स्पर्शभिंग आजही त्याच कारणाने वरदान ठरते.

आता निवडीकडे वळू. चष्म्याचा अंक लिहिलेला कागद घेऊन जावे आणि त्याच अंकाची भिंगे मागावी, हा पहिला गैरसमज. अंक चारांच्या आत असेल तर फारसे बिघडत नाही. पण चष्म्यात उणे आठ अंक असणाऱ्याला डोळ्यावर टेकलेल्या भिंगात सव्वासातच पुरतो, कारण मधले बारा मिलिमीटर नाहीसे झालेले असतात. शिवाय स्वच्छमंडलाचा बाक प्रत्येकाचा वेगळा. पायापेक्षा घट्ट जोडा जसा चावतो आणि सैल जोडा जसा निसटतो, तसेच येथे होते. मऊ भिंगाचा व्यास साधारण चौदा मिलिमीटर असतो, म्हणजे ते स्वच्छमंडल झाकून थोडे पांढऱ्या भागावर येते. पापणी लवली की ते जरासे सरकले पाहिजे. मुळीच न हलणारे भिंग घालताना सुखाचे वाटते, आणि तेच धोक्याचे असते. हे सारे यंत्राखाली पाहूनच ठरते. म्हणून नेत्रपरीक्षकाने नमुन्याचे भिंग घालून, वीसएक मिनिटे बसवून, पुन्हा तपासले नाही, तर ग्राहकाने ते मागून घ्यावे.

ज्यांना दृष्टिवैषम्य आहे, म्हणजे ज्यांच्या स्वच्छमंडलाचा बाक उभा एक आणि आडवा दुसरा असतो, त्यांना साधे भिंग पुरत नाही. डोळ्यावर गरगर न फिरता एकाच स्थितीत राहणारे खास भिंग लागते. आणि चाळिशीला आलेल्या, लांबचे न दिसणाऱ्या माणसाने एक गोष्ट आधीच ओळखून असावी. आजवर तो वर्तमानपत्र वाचताना चष्मा कपाळावर सारून मोकळा होत असे. भिंग घातल्यावर ते कपाळावर सारता येत नाही. परिणामी दूरचा चष्मा सुटतो आणि जवळचा लागतो. अनेकांची यात घोर निराशा होते, आणि दोष भिंगाला दिला जातो.

दिवसाचे भिंग घ्यावे की महिन्याचे? खर्चाचा हिशेब केला तर महिन्याचे स्वस्त. परंतु महिन्याच्या भिंगाबरोबर रोज रात्रीची चोळणी, द्रावण आणि डबी आली. जो माणूस रात्री अकराला दमून घरी येतो आणि अंथरुणावर आडवा होतो, त्याच्या हातून ही निगा किती दिवस राहील, याचा प्रामाणिक अंदाज ज्याचा त्यानेच बांधावा. आठवड्यातून दोनचारदाच, एखाद्या लग्नाला किंवा खेळाच्या मैदानावर, भिंगे घालणाऱ्याला तर दिवसाचेच उत्तम.

बंगळूरचे हवामान डोळ्यांना सुखद असेल असे दुरून वाटते. शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून उंच, उन्हाळा सौम्य. पण कचेरीतला वातानुकूलित वारा कोरडा असतो, आणि त्यात माणूस आठ-दहा तास पडद्याकडे टक लावून बसतो. एरवी मिनिटास पंधराएक वेळा मिटणारी पापणी पडद्यापुढे त्याच्या निम्म्यानेही मिटत नाही. मऊ भिंग हे पाणी धरून ठेवणारे. त्यातले पाणी उडाले की ते अश्रूंकडून वसूल करते. म्हणून तिसऱ्या प्रहरी डोळे चुरचुरू लागतात, भिंग जाणवू लागते, आणि नवशिक्याला वाटते, आपल्याला हे मानवत नाही. पुष्कळदा उपाय एवढाच असतो, की पडदा नजरेच्या थोडा खाली ठेवावा, वाऱ्याचा झोत तोंडावर घेऊ नये, आणि मधूनमधून पापण्या पूर्ण मिटाव्यात.

दुसरा शत्रू परागांचा. गाजर गवत, ज्याला काँग्रेस गवत असेही म्हणतात, ते आपल्या देशात प्रथम नजरेस आले पुण्यात, १९५५ च्या सुमारास. तेथून ते दक्षिणेत पसरले आणि बंगळूरच्या मोकळ्या जागा त्याने व्यापल्या. पुणेकरांनी बंगळूरला काय दिले याची यादी कोणी केली, तर हे गवत तिच्यात नाइलाजाने घालावे लागेल. त्याच्या परागांनी कोणाला शिंका येतात, कोणाच्या डोळ्यांना खाज सुटते. खाज सुटलेल्या डोळ्यात भिंग घालू नये. आणि डोळे चोळण्याची सवय ज्याला आहे, त्याने ती मोडल्यावाचून या वाटेला जाऊ नये.

भिंगे ठरली, आता सराव. पहिला दिवस हा बहुतेकांच्या फजितीचा असतो. स्वतःचे बोट स्वतःच्या डोळ्याकडे येताना पाहून पापणी मिटणे हा देहधर्म आहे. त्याला भित्रेपणा म्हणू नये. साबणाने हात धुऊन, धागे न सुटणाऱ्या कापडाने ते कोरडे करावे. भिंग बोटाच्या टोकावर ठेवून बाजूने पाहावे: काठ वाटीसारखा सरळ वर आला असेल तर भिंग सुलट, बशीसारखा बाहेर पसरला असेल तर उलट. नेहमी उजव्या डोळ्यापासून आरंभ करावा, म्हणजे डावे-उजवे बदलत नाही. वरची पापणी दुसऱ्या हाताने पापणीच्या केसांच्या अगदी मुळाशी धरून ठेवली की निम्मे काम झाले. काढताना वर पाहावे, भिंग बोटाने खाली पांढऱ्या भागावर ओढावे आणि चिमटीत धरावे. बुबुळावरूनच उचलू जाऊ नये. भिंग डोळ्याच्या मागे जाऊन हरवेल ही भीती अनाठायी आहे. पापणीच्या आतले अस्तर मागे वळून डोळ्याच्या गोलकालाच जोडलेले असते. तेथे वाट बंद आहे.

पहिल्या दिवशी चार तास, मग रोज तास-दीड तास वाढवत आठवड्याभरात आठ-दहा तासांवर जावे. टणक भिंगांना सराव अधिक लागतो, दोन-तीन आठवडे सहज. पापणीची कड त्याला हळूहळू सरावते. मराठी घरात आणखी एक पथ्य सांगावे लागते. हिरव्या मिरच्या चिरल्यावर किंवा ठेचा वाटल्यावर साबणाने दोनदा हात धुतले तरी बोटांवरचा तिखटपणा जात नाही, आणि तो भिंगात मुरला तर भिंग टाकूनच द्यावे लागते. स्वयंपाकाची वेळ आणि भिंगाची वेळ यांची गाठ पडू देऊ नये. काजळ घालावयाचे असेल तर भिंग आधी, काजळ मागून, आणि तेही पापणीच्या आतल्या कडेला नको.

एवढे सारे लोक ऐकतात आणि पाळतातही. ज्या एका ठिकाणी चुकतात, ते ठिकाण म्हणजे पाणी.

बंगळूरला पिण्याचे पाणी कावेरीतून शंभरएक किलोमीटरांवरून, शेकडो मीटरांचा चढ चढवून आणले जाते. ज्या वस्त्यांना ते पुरत नाही, त्या कूपनलिकांवर आणि टँकरांवर जगतात. २०२४ च्या उन्हाळ्यात या टंचाईने सारे शहर हवालदिल झाले होते. पण पाणी कावेरीचे असो की टँकरचे, गाळलेले असो की उकळलेले, भिंगाला ते लावावयाचे नाही. द्रावण संपले म्हणून एक रात्र डबीत नळाचे पाणी भरणे, भिंग घालून अंघोळ करणे, तरणतलावात उतरणे, या गोष्टी अगदी साळसूद वाटतात. अकँथअमीबा नावाचा एक सूक्ष्म जीव मातीत आणि पाण्यात सर्वत्र असतो. तेच पाणी आपण पितो, त्याने तोंड धुतो, आणि काही होत नाही. भिंगाच्या आड मात्र त्याला आसरा मिळतो, आणि स्वच्छमंडलात शिरल्यावर तो कवच धारण करून औषधांना महिनोन्‌महिने दाद देत नाही. वेदना भयंकर असतात. जंतू आणि बुरशी यांचे हल्ले आणखी निराळे. २००६ मध्ये सिंगापूर, हाँगकाँग आणि अमेरिकेत भिंगे वापरणाऱ्यांत बुरशीच्या संसर्गाची साथच आली. तिचा माग एका प्रसिद्ध द्रावणापर्यंत गेला, आणि ते जगभरच्या बाजारातून काढून घ्यावे लागले.

भिंगे डोळ्यात ठेवून झोपणे हा दुसरा अविचार. मिटल्या पापणीखाली हवा नाही. तशात वर भिंग. १९८९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मऊ भिंगे रोज रात्री काढणाऱ्यांत वर्षाकाठी दहा हजारांत सुमारे चौघांना, आणि ती रात्रीही ठेवणाऱ्यांत सुमारे एकवीस जणांना स्वच्छमंडलाचा व्रण झाल्याचे आढळले. आकडा लहान आहे हे खरे. ज्याच्या डोळ्यावर पांढरा डाग राहिला, त्याला या लहानपणाचे समाधान नसते. म्हणून डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सोसेना किंवा धूसर दिसू लागले, तर भिंग तत्काळ काढावे, पुन्हा घालून पाहू नये, औषधांच्या दुकानातून स्टेरॉइडचे थेंब विचारून घेऊ नयेत, आणि डॉक्टरकडे जाताना ते भिंग आणि ती डबी बरोबर न्यावी. जंतूचा पुरावा पुष्कळदा त्या डबीतच सापडतो. डबी रोज ओतून, कोरडी करून पालथी ठेवावी, तीन महिन्यांनी बदलावी. जुन्या द्रावणात नव्याची भर घालण्याची काटकसर तर कधीच करू नये.

स्वच्छमंडल एकदा डागाळले की दुसऱ्याचे बसविण्यावाचून गत्यंतर नसते, आणि ते मिळते केवळ मृताच्या दानातून. बंगळूर या बाबतीत भाग्यवान शहर आहे. चामराजपेठेतील मिंटो नेत्र रुग्णालय १९१३ पासून आपल्या वास्तूत उभे आहे. कन्नड नट डॉ. राजकुमार २००६ मध्ये निवर्तले, तेव्हा त्यांचे नेत्रदान झाले. त्यांचे पुत्र पुनीत राजकुमार २९ ऑक्टोबर २०२१ रोजी अकाली गेले. त्यांची स्वच्छमंडले नारायण नेत्रालयात थरांथरांनी विलग करून दोन डोळ्यांतून चौघांना दृष्टी देण्यात आली. त्यानंतर कर्नाटकात नेत्रदानाची प्रतिज्ञा करणाऱ्यांची रीघ लागली. एवढ्या मोलाने मिळणारी वस्तू पेलाभर नळाच्या पाण्यासाठी गमवावी, याचा हिशेब कोणालाही करता येईल.

याच्या अगदी उलट बाजूही आहे. काही तरुणांचे स्वच्छमंडल मध्यावर पातळ होत जाऊन शंकूसारखे पुढे येते. चष्म्याचा अंक दर सहामाहीस बदलतो, आणि शेवटी कोणत्याही चष्म्याने नीट दिसत नाही. एका दिव्याचे चार दिवे दिसतात. डोळे सतत चोळण्याशी या विकाराचा संबंध आहे. बी गटातील एक जीवनसत्त्व डोळ्यात टाकून वर अतिनील किरणांचा प्रयोग करण्याची रीत या शतकाच्या आरंभी जर्मनीतून आली आणि तिने विकाराची वाढ थोपविता येऊ लागली. परंतु वाढ थांबली तरी दृष्टी परत येत नाही. ती देते टणक भिंग, किंवा आणखी मोठे, पांढऱ्या भागावर टेकून स्वच्छमंडलावरून कमानीसारखे जाणारे भिंग. त्याच्या पोकळीत निर्जंतुक क्षारजल भरावयाचे, मान खाली घालून जमिनीकडे पाहत ते डोळ्याला लावावयाचे, आणि आत हवेचा बुडबुडा राहिला तर काढून पुन्हा भरावयाचे. फिकच्या काचेच्या वाटीचीच ही सुधारलेली आवृत्ती आहे, फरक एवढा की आता तिच्यातून प्राणवायू जातो. तिच्यामुळे पुष्कळांची शस्त्रक्रिया टळते, आणि ज्या मुलाला फळ्यावरचे अक्षर दिसत नव्हते तो रात्रीची गाडी ओळखू शकतो.

अशा रुग्णाला पहिल्या प्रयत्नात भिंग बसविण्यास अर्धा तास लागतो, महिन्याभराने पाच मिनिटे. त्याच्याही खिशात, आणि मघाच्या त्या पावसात सापडलेल्या तरुणाच्याही, चष्म्याचा एक जोड असावाच लागतो. सर्दी-पडशाच्या दिवशी, डोळे आले असताना, होळीच्या रंगात, रात्रीच्या गाडीत झोपताना तो लागतो. आणि त्याचा अंक जुना राहिलेला नाही ना, हे वर्षातून एकदा तपासून घ्यावे लागते.